पाटीला लागलेला शेंदूर

शेंदूर दगडावरून निघत नाही. डिझेलचं फडकं घ्या, राख घ्या, भांड्याची तारेची घासणी घ्या, तो अक्षरांच्या खाचांत जाऊन बसला की बसला. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण मागचा सगळा आश्विन मी मळ्यातल्या विहिरीवरची पाटी घासण्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांवर ओरडण्यात घालवला.

पाट्या लावायची कल्पना आमच्या बचत गटाची. केनवडच्या बाजारात भाजी नेणारं आमचं गाव. इथे किल्ला नाही, नावाजलेलं देऊळ नाही. पण पोळ्याचं तोरण बांधायची जागा आहे, बंद पडलेला तेलघाणा आहे, ज्याच्याखाली पहिली शाळा भरली ते चिंचेचं झाड आहे. शाळेतल्या पोरांनी आणि सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या आमच्या नातवंडांनी गावातून एक फेरी मारावी, जागोजागी थांबून वाचावं, एवढाच बेत होता. मी आयुष्यभर मास्तरीण, त्यामुळे मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मी ते दुसऱ्या कोणाला घेऊच दिलं नाही.

फेरीतली शेवटची पाटी माझ्या माहेरच्या विहिरीची. माझं माहेर आणि सासर एकाच गावात. मी लहान असताना एका साली पाऊस दडी मारून बसला. गावातल्या विहिरी आटल्या, पाणी राहिलं ते फक्त आमच्या मळ्यातल्या विहिरीत. काकांची वांगी-टमाटे ऐन भरात होती. सकाळी इंजिन लावलं की दुपारपर्यंत विहिरीचा तळ दिसायचा आणि गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बांधावर उभ्या राहायच्या. माझ्या काकीनं काय करावं? इंजिनचं हँडल उचललं आणि घरी तुरीच्या कणगीत खोल पुरून टाकलं. हँडल फिरवल्याशिवाय ते धूड सुरूच होत नसे. काका घर डोक्यावर घेऊन हँडल शोधत होते आणि ही बया त्यांच्यासोबत शोधत होती! वांगी वाळून गेली, गाव तरलं. खरं कळल्यावर काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, पण पाऊस येईपर्यंत हँडल काही मागितलं नाही.

काकी अजून आहे, ठणठणीत आहे. पाटीवर तिचं नाव टाकायचं म्हटलं तर अंगावर आली, "जित्या मानसाचं नाव दगडावर? मले आताच मारता काय व?" आमच्याकडे तसं करतच नाहीत. म्हणून मी लिहिलं, 'या मळ्यातल्या एका बाईनं'.

पण पाटी कोरायला गेली तोवर विहीरच राहणार की नाही, अशी पाळी आली. वाटणीत ती माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे काकीच्या मुलाकडे आलेली. कठडा कधीच ढासळला होता, पाण्याला आता बोअर आहे, आणि पावसाळ्यात त्याची कालवड आत पडून मेली. त्याचंही चूक नव्हतं. सोयाबीन निघालं की जेसीबी आणून विहीर बुजवायची, असं त्यानं ठरवलं. मी भांडले तर हसून म्हणतो, "ताई, पाटी लाव ना तुही. इथं विहीर होती म्हणून लाव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकीला म्हटलं, तू बोल ना त्याला. तर म्हणे, "त्याचं वावर हाय. मी काय बोलू?" पण त्या दिवसापासून ती रोज दिवस कलला की विहिरीपाशी जाऊन बसायला लागली. नुसती बसायची. सूनबाई बोलवायला गेली की मुकाट उठून यायची. मला ते बघवत नव्हतं.

पाटी मी हट्टानं लावलीच. पाथरवटाकडून चांगला काळा दगड आणला, विहिरीजवळच्या लिंबाखाली छोटा ओटा बांधला, त्यावर दगड उभा केला. आता बघा, विहीर, लिंबाचं झाड, ओटा आणि त्यावर काळा उभा दगड! आमच्या गावातल्या बाईला याचा एकच अर्थ कळतो. विहिरीत राहणाऱ्या आसरा, पाण्याच्या देवी, त्यांचं हे ठाणं. हे माझ्यासारख्या गावातच जन्म काढलेल्या बाईच्या ध्यानात येऊ नये? पहिल्यांदा हळदीकुंकू आलं, मग हिरव्या बांगड्या, दहीभात, नारळ, आणि मग आला शेंदूर. माझा एवढा निगुतीनं लिहिलेला मजकूर गडप!

मी फडकं घेऊन घासत बसले असताना एक नवी सून ताटात नैवेद्य घेऊन आली. "आत्याबाई, देवीले काहून पुसून राह्यल्या?"

"देवी नाही व बाई ही! पाटी हाय! वाचता येते ना तुले?"

"वाचलं ना मी पह्यल्याच दिवशी," ती म्हणाली. "नवऱ्याच्या नाकावर टिच्चून सारं पाणी गावाले देल्लं. मंग ते देवी नाही तं काय हाय?"

तरी मी घासत राहिले, हट्टी आहे मी.

सोयाबीन निघालं आणि जेसीबी आला. मी धावत मळ्यात गेले, काकी आधीच तिथे होती. ड्रायव्हर खाली उतरला, लिंबाखाली बघितलं, चपला काढल्या, दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्या भावाला म्हणाला, "काका, हे मले नाही जमत. लेकरंबाळं हायत मले."

भाऊ माझ्यावर उखडला, "हे तुह्यंच काम हाय, ताई!"

"माह्यं? हात पाह्य माह्ये!" मी सोललेले हात त्याच्यापुढे धरले. "महिनाभर घासून राह्यली मी!"

मग तो काकीकडे वळला. "माय, तू तरी सांग याले. इथं देव-गिव काही नाही, तुले तं माहीत हाय."

काकी म्हणाली, "मले नाही बुजवायची विहीर."

"मंग आजवर काहून नाही बोलली?"

"तू इचारलं कवा?"

तो ओट्यावर बसला तो कितीतरी वेळ उठला नाही. एवढा मोठा बाप्या, पण त्याचा चेहरा बघून मलाही भरून आलं.

ज्यांच्यावर मी महिनाभर खेकसले, त्या सगळ्या बायांचे पाय धरावे असं मला त्या दिवशी वाटलं. मी लिहिलं, त्यांनी वाचलं, आणि मला लिहिताना कळलं नव्हतं तेवढं त्यांना वाचताना कळलं. त्या ड्रायव्हरचे तर उपकार मी कधी विसरणार नाही. त्या दिवसापासून मी दगड घासणं सोडलं. पोरांची फेरी आली की गोष्ट मी तोंडानं सांगते.

आणलेला जेसीबी फुकट कशाला पाठवायचा म्हणून भावानं त्याच दिवशी नाल्यातले दगड आणून टाकले. दुसऱ्या सकाळी मिस्त्री कठड्याच्या कामाला लागला. गुडघाभर बांधकाम झालं तसं भावानं त्याला थांबवलं आणि घरी जाऊन काकीला हाताला धरून घेऊन आला.

"माय," त्यानं विचारलं, "किती उंच घेऊ?"

काकी ओट्यावर टेकली, मान लांब करून विहिरीकडे बघितलं आणि म्हणाली, "मले बसल्या जागी पाणी दिसलं पाह्यजे, एवढाच घे."