उंबराजवळची गाडीवाट आणि माझा समोरचा दात

माझा समोरचा दात लोखंडी अँगलने पडला. अँगल दोन भांडणाऱ्या चुलतभावांपैकी थोरल्याच्या कुंपणाचा, तो धरणारा हात धाकट्याच्या मेहुण्याचा आणि चूक माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोणावळ्यात ही हकिकत हल्ली माझ्या आधी पोचते. परवा चिक्कीच्या दुकानातल्या माणसाने मला विचारलं, "काका, मऊ फज देऊ का? चावायला नको." दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा हसली.

माझ्या वडिलांचा लोणावळ्यात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट हे पोटापाण्याचं. पण रेल्वेलाईनवर काही घडलं की पंचनाम्यासाठी त्यांना बोलावणं यायचं. त्यामुळे आमच्याकडे लोणावळा-पुणे लाईनीचे जे जुने फोटो आहेत, ते हौसेने काढलेले नाहीत. कुणीतरी कापलं गेलं, चिरडलं गेलं किंवा कुणाचं टाळकं फुटलं म्हणून काढलेले आहेत. फाटक तोडून रुळांत घुसलेला आणि चेपून पत्र्याच्या डब्यासारखा झालेला ट्रक आहे. रुळांच्या दोन्ही अंगांना पडलेली म्हैस आहे. दोन्ही अंगांना, म्हणजे काय ते समजून घ्या. दूधवाल्यांची आणि डब्यातल्या प्रवाशांची किटल्यांनी झालेली मारामारी आहे. त्यातल्या एकाच्या कपाळावर किटलीच्या बुडाची कड चंद्रकोरीसारखी उमटली आहे आणि तरी तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. लोक येतात, म्हणतात, जुन्या लाईनीचे फोटो दाखवा ना, काय शांत दिवस होते! मी दाखवतो. ते चहा अर्धा टाकून जातात.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी हे निगेटिव्ह मोबाईलवर उतरवायला घेतले. बुटांच्या खोक्यात दिवा, वर दुधी काच, काचेवर निगेटिव्ह आणि त्यावर मोबाईल. कामाचं काही शिक्षण नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. लहानपणी वडिलांनी मला एकच धडा दिला होता आणि तो कानाखाली दिला होता. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. ती पालथी लागली की नवरा नवरीच्या भलत्या बाजूला बसतो आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही. तो धडा गाल कधीच विसरला नाही. डोकं विसरलं.

एक दिवस एक म्हाताऱ्या बाई आल्या; मी त्यांना मावशी म्हणतो. मळवली आणि कामशेत यांच्या मध्ये, लाईनीच्या लोहगडाकडच्या अंगाला त्यांचं घर. त्यांचे यजमान रेल्वेत गँगमन होते, रुळांवर हातोडा घेऊन पायी फिरणारे, सासरेही गँगमन. यजमानांना आता लकवा झालेला. दर आठवड्याला तळेगावला दवाखान्यात न्यावं लागायचं.

"तुमच्याकडं उंबराचा फोटू हाय म्हनत्यात," मावशी म्हणाल्या.

"कुठला उंबर?"

"आमच्या घरापुढला. आता न्हाई ऱ्हायला. त्याच्या बुडाशी गाडीवाट हुती. ती वाट दाखवनारा फोटू पायजे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वी घरासमोरच रेल्वेचं फाटक होतं. ते बंद झालं आणि जरा लांब खालून अंडरपास झाला. अंडरपासला पोचायचं तर जुनी गाडीवाट. ती दोन चुलतभावांच्या शेतांच्या बांधालगत. पुण्याकडचं शेत धाकट्याचं, लोणावळ्याकडचं थोरल्याचं, आणि बांधावर तो उंबर. अंडरपास झाल्यावर जमिनीला भाव आला आणि दोघांनीही आपापल्या बाजूने बांधापर्यंत अँगल ठोकून काटेरी तार ओढली. थोरला म्हणे, वाट उंबराच्या त्या अंगाला, धाकट्यात. धाकटा म्हणे, या अंगाला, थोरल्यात. उंबर एका वादळात पडला, त्याचं सरपणही जळून गेलं. वाट दोघांनी मिळून गिळली.

"मग आजोबांना, तुमच्या यजमानांना, नेता कसं?"

"बाजेवर घालून. रुळावरनं. चौघं जनं उचलत्यात. परवा मधीच गाडी आली. एकाचा पाय सटाकला, बाज खडीवर पडली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "वाट आमी फुकट न्हाई घेतली, भाऊ. आमच्या मामंजींनी पाठीवर घेतलीया."

ती गोष्ट अशी. या भावांचा आजा बैलगाडी घेऊन रूळ ओलांडत होता. मावशींचे सासरे लाल झेंडा हलवत धावत आले, थांबा म्हणून ओरडले. आजा थांबला नाही. इंजिनाने दोन्ही बैल नेले आणि गाडी उंबराच्या बुडाशी फेकली. आजा वाचला; उठला, जुवाची शिवळ, बैलाच्या मानेलगतची लाकडी खुंटी, उपसली आणि जो थांबवायला धावला होता त्यालाच फोडून काढलं. बरगड्या मोडल्या. पुढे पंच बसले आणि गँगमनच्या घराला ती वाट कायमची देऊन टाकली. तोंडी.

निगेटिव्ह माझ्याकडे निघाला. वडिलांनी तो भरावावरून, लोहगडाकडे तोंड करून घेतला होता. पुढे रूळ, मग मोडकी बैलगाडी, उंबर, उंबराला चिकटून गेलेली चाकोऱ्यांची वाट आणि मागे डोंगर. गाडीच्या चाकाला टेकून डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस बसला होता. मी तो फोटो मोबाईलवर उतरवला आणि आनंदाने बायकोला दाखवला. ती म्हणाली, "पोस्टकार्डएवढा छाप आणि मावशींना देऊन मोकळा हो."

मी मोठा फ्लेक्स छापला. वाढदिवसाला गावचे पुढारी छापतात तेवढा.

जागेवरच बैठक ठरली. मी फ्लेक्सची एक दोरी थोरल्याच्या अँगलला बांधली, दुसरी धाकट्याच्या. लोक रुळांच्या बाजूला उभे राहिले. थोरला आणि त्याचे मुलगे एकीकडे, धाकटा आणि त्याचा मेहुणा दुसरीकडे, मधे चार म्हातारे. मावशी लांब, घराच्या पायरीवर. मी घसा साफ करून भाषण केलं. लाईनीचा इतिहास सांगितला, वाफेच्या इंजिनाची शिट्टीही तोंडाने वाजवून दाखवली. ती कुणी मागितली नव्हती. मग बोट ठेवलं. फ्लेक्सवर वाट उंबराच्या उजव्या अंगाला होती. लोणावळ्याकडे. म्हणजे थोरल्याच्या शेतात.

धाकट्याने मला मिठीच मारली. "वा, साहेब! आज्ज्याचं पुण्य फळाला आलं!"

थोरल्याचा चेहरा काळानिळा झाला. "ह्यो फोटू खोटा हाय."

"बैलगाडीबी खोटी व्हय? आज्ज्याबी खोटा?"

"आज्ज्याचं नाव घिऊ नगं! तुज्या बापानं त्याला मरताना पानी पाजलं न्हाई!"

"आन् तुज्या बापानं? मयतावरचा कोट काढून घातला!"

थोरल्याने धाकट्याच्या थोबाडीत दिली. तो आवाज मला आजही ऐकू येतो, ओल्या कापडावर धोपटणं बसावं तसा. मग धाकट्याचा मेहुणा जवळच्या कुंपणाशी गेला. ते होतं थोरल्याचं. त्याने अँगल हलवून हलवून मातीतून उपटला आणि थोरल्याच्या मधल्या मुलाच्या खांद्यावर घातला. हाडाचा आवाज आला. मग थोरल्याचे मुलगे धाकट्याचं कुंपण उपटायला धावले. आपलं कुंपण उपटावं हे कुणाच्याही मनात आलं नाही. मारायला जायचं तर शत्रूचंच हत्यार घ्यायचं, असा काही नियम असावा.

काटेरी तार अँगलांबरोबर ओढली गेली आणि माणसांच्या पायांत गुरफटली. एकाची पोटरी उभी चिरली. एका म्हाताऱ्याचा कान तारेने असा फाडला, की तो कान धरून शिव्या देत बसला आणि रक्त बोटांतून कोपरापर्यंत वाहत गेलं. थोरला आणि धाकटा हत्यारांशिवायच एकमेकांना भिडले होते. धाकटा थोरल्याच्या छातीवर बसून त्याचं डोकं ढेकळांवर आपटत होता आणि थोरला त्याचा अंगठा चावत होता. एवढ्यात पुण्याला जाणारी लोकल आली. खिडक्यांतून मोबाईल बाहेर आले. कुणीतरी ओरडलं, "हाण त्येला!" कोणाला, ते कळलं नाही. दोन्ही पक्षांना ते आपल्यालाच वाटलं आणि मारामारीला जोर चढला.

मी काय केलं? मी मधे गेलो. म्हणालो, "मंडळी, शांततेने." कुणीतरी मला पोटात गुद्दा हाणला. मी पडलो आणि वरून, दोन्हीकडचे अँगल गेल्यामुळे, माझा फ्लेक्स माझ्यावर पडला.

आत उकडत होतं. ऊन डोक्यावर होतं आणि ते फ्लेक्समधून झिरपून छापलेलं चित्र मला मागच्या बाजूने दिसत होतं. उंबर, गाडी, डोंगर. मी पोट धरून नुसता बघत पडलो होतो, आणि वाटलं, अरे, हे किती ओळखीचं दिसतंय. किती बरोबर. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड, लोहगडाचा विंचूकडा विंचवाच्या नांगीसारखा उजवीकडे लांब गेलेला. अगदी रोजच्यासारखा.

मग वडिलांची चपराक आठवली.

मी फ्लेक्समधून डोकं बाहेर काढलं. समोर खरा लोहगड उभा होता, नांगी उजवीकडे. फ्लेक्स उलटून पाहिला. छापलेल्या लोहगडाची नांगी डावीकडे, विसापूरच्या जागी. सकाळपासून अख्खा गाव त्या फ्लेक्ससमोर उभा होता, फ्लेक्सच्या वरती खरा किल्ला दिसत होता, खाली पालथा किल्ला. जन्मापासून रोज तो डोंगर बघणारी माणसं. एकानेही बघितलं नाही. सगळे बांधाकडे बघत होते. आणि मी, लाईनीचा इतिहासकार, शिट्टी वाजवत होतो.

वाट थोरल्यात नव्हतीच. उंबराच्या डाव्या अंगाला होती, धाकट्यात.

आता खरं सांगतो, पहिला विचार आला तो फ्लेक्सखाली परत जाण्याचा. धाकट्याची माणसं जिंकत होती आणि ती माझ्या बाजूची होती. पण उद्या कुणीही डोंगराकडे बोट दाखवून हा फोटो खोटा ठरवला असता. मग मावशींचा एकुलता एक पुरावा जाऊन बाज परत रुळांवर आली असती. म्हणून मी उभा राहिलो आणि ओरडलो, "थांबा! फोटो पालथा छापलाय! वाट धाकट्यात आहे!"

सगळे थांबले. धाकट्याने तोंडातलं रक्त थुंकून विचारलं, "काय म्हनला?"

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती. मेहुण्याने दोन्ही हातांनी अँगल फिरवला. मी तोंड फिरवलं, पण पुरेसं नाही. दात मी गिळला की मातीत पडला, आजवर कळलेलं नाही. मग थोरला उठला. मला वाटलं, हा तरी वाचवेल. त्याने माझी मानगूट धरली. "पालथा? तुज्या पालथ्या फोटूपायी माज्या पोराचा खांदा मोडला!" आणि त्याने उरलेलं काम पूर्ण केलं. दोन्ही भाऊ कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकदिलाने काहीतरी करत होते.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

अंडरपासकडून एक रिक्षा येत होती. मावशींनी पायरीवरून सगळं बघितलं होतं. दोन्ही कुंपणं निघाली, वाट मोकळी झाली, हे त्या एकट्यांनाच दिसलं होतं. त्यांनी भाच्याला फोन लावला होता. रिक्षा तारा चुकवत, उपटलेल्या खड्ड्यांतून उड्या मारत आली. भाच्याने डोकं बाहेर काढलं. "सरका की वाईच! पेशंट हाय!"

आणि सगळे सरकले. अँगल खाली टेकून, धापा टाकत, दोन्ही बाजूंना उभे राहिले. माणूस मारामारीत कितीही दंग असला तरी हॉर्नला बाजूला होतो. रिक्षा घरापर्यंत गेली. आजोबांना आत बसवलं. परत येताना मावशींनी रिक्षा माझ्याजवळ थांबवली. "बसा, भाऊ. तुमालाबी तिकडंच जायचंय."

मी आजोबांशेजारी बसलो. मागे पुन्हा भांडण सुरू झाल्याचा आवाज आला. आजोबांचं अर्धं अंग हलत नव्हतं, पण डोळे तरतरीत होते. "फोटू," ते म्हणाले. मी मोबाईल काढून दाखवला. चाकाला टेकून बसलेल्या माणसावर त्यांनी चांगल्या हाताचं बोट ठेवलं.

"बा माजा," ते म्हणाले. "लय मारला त्येला." मग त्यांनी माझं तोंड नीट निरखलं. "तुमाला कमीच हाय."

दवाखान्यातून पोलिसांना कळलं. सगळ्यांचे जबाब झाले. पोलिसांनी एकूण एक अँगल आणि तार मुद्देमाल म्हणून उचलून नेली. जखमी म्हणून फिर्याद माझ्या नावावर लागली. खटला चालू आहे तोवर मुद्देमाल सुटत नाही. आणि नवं कुंपण घालायला दोघांपैकी कुणी धजत नाही. जो आधी घालील तोच वाट बुजवायला बघतोय, म्हणजे वाट त्याच्याच शेतात, असं सगळे धरून चालतील, ही भीती.

आता दोघेही माझ्याकडे येतात, वेगवेगळे. थोरला इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन आला. "मिटवून टाका, साहेब. कशाला कोर्टात खेटं घालता?" धाकटा जिवंत कोंबडा घेऊन आला. "दाताचा खर्च मी देतो, फकस्त फिर्याद मागं घ्या." आयुष्यात मी कुणालाही नाही म्हणू शकलेलो नाही, बायको याची साक्ष देईल. पण थोरल्याचं पोतं मी त्याच्याच गाडीत परत चढवलं. कोंबडा स्वयंपाकघरात सुटला तो धरायला धाकट्याला घरभर पळवलं. दोघांनाही तोंड उघडून ती फट दाखवली आणि म्हणालो, "अजून दुखतंय."

दात बसवून घ्या म्हणून डॉक्टर मागे लागले आहेत. मी तारीख पुढे ढकलत असतो. दर आठवड्याला मावशींच्या भाच्याचा फोन येतो. "साहेब, न्हेलं आन् आनलं. वाटंनं." बरं, म्हणतो मी, आणि बुटांच्या खोक्यात पुढचा निगेटिव्ह ठेवतो. आधी बोट फिरवून मंद बाजू कुठली ते बघतो.