सरणापाशी माइक नको

भाऊंच्या सरणापाशी लावलेल्या माइकची वायर मी ओढून काढली होती.

गेल्या वर्षी, आजच्याच दिवशी. समोर एक माजी मंत्री आणि सगळा मतदारसंघ उभा.

"पीएचं डोकं फिरलं," असं बरेच जण म्हणाले. म्हणोत बिचारे. पण आज सांगतोच.

आमच्या वऱ्हाडात सरण पेटलं की लोक लगेच घरी जात नाहीत. तिथंच मोक्षधामात शोकसभा होते, पुढारी एकेक करून बोलतात. कोणाच्या मयतीत कोण बोललं, यावरून नेत्याचं वजन ठरतं.

दिगांबरभाऊ पहिल्यांदा आमदार झाले, तेव्हा त्यांनाही या भाषणांची भारी हौस होती. आवाज असा, की भले भले डोळे पुसायचे.

मी नुकताच त्यांचा पीए झालो होतो. एका दिवशी दोन मयती आल्या. सकाळी अकोल्यात, दुपारी अकोटकडच्या एका खेड्यात, बौद्ध कुटुंबात.

धावतपळत पोचलो. भाऊ उभे राहिले आणि रंगून बोलले.

फक्त नाव सकाळच्या माणसाचं घेतलं. तेही पुन्हा पुन्हा.

कोणी थांबवलं नाही. आमदाराला कोण थांबवणार?

भाषण संपल्यावर गेलेल्या माणसाची बायको, शेवंताबाई, पुढं आली.

"हे कोनाचं बोलले जी तुमी? आमच्या घरच्यायचं नाव पुंडलिक होतं."



महिनाभरानं एका सकाळी भाऊ म्हणाले, "चाल, त्या बाईच्या घरी जाऊ. गाडी नको, एसटीनं जाऊ."

शेवंताबाईनं ओळखलं. भाऊंनी हात जोडले, तर तिनं आम्हा दोघांनाही पाण्याचा गिलास दिला.

"आंधी पानी प्या. माफीचं मंग पाहू."

मी एक घोट घेतला आणि गिलास खाली ठेवला. खारट, कडवट. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण पिण्यासारखं नाही.

"हेच पेत होते आमचे," ती म्हणाली. "किडन्या गेल्या त्यायच्या. डाक्टर म्हने, पानी बदला. कुठून बदलू जी?"

भाऊंनी आपला गिलास शेवटपर्यंत रिकामा केला.

"पान्याचं पाहा," ती म्हणाली. "अन् याच्यापुढं कोनाच्या सरनापाशी बोलू नका."

"नाही बोलत बाई."

भाऊंची पुढची सगळी आमदारकी या दोन गोष्टींत गेली.

नागपूरच्या अधिवेशनाला जाताना डिक्कीत त्या गावच्या पाण्याची कॅन असायची. एकदा मंत्र्यांच्या दालनात भाऊंनी त्यातलाच गिलास भरून पुढं ठेवला. साहेबांनी ओठ लावले आणि गिलास सरकवला.

"आमच्या लोकायले असं सरकवता येत नाही, साहेब," भाऊ म्हणाले.

फाइल अडली, सरकार बदललं, फाइल पुन्हा अडली. पण शेवटी पाइपलाइन आली.

आणि मयतीत भाऊ गप्प. माइक पुढं आला की हात जोडून मागं सरकायचे. विरोधकांनी 'मुका आमदार' असं नाव पाडलं. पण मयतीनंतर महिनाभरानं त्या घरी जायचे, चटईवर बसायचे. मला म्हणायचे,

"गर्दी तिसऱ्या दिवशी पांगते बे. मानूस एकटा पडते ते मंग."

शेवटच्या निवडणुकीत पडले. मयतीत दोन शब्द बोलले असते तर निवडून आले असते, असं कार्यकर्ते आजही म्हणतात. मला नाही माहीत.

अमरावतीच्या दवाखान्यात त्यांनी माझा हात धरला.

"माह्या सरनापाशी कोनी बोलू नये. तुह्या भरोशावर हाय हे."

भाऊ गेले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. पुढच्या तिकिटाच्या रांगेतले सगळेच भाषण तयार करून आले होते. माजी मंत्र्यांनी घसा साफ केला, आणि मी वायर ओढली.

एकच गलका झाला. कोणीतरी माझी कॉलर धरली. मला वाटलं, संपलं. भाऊंचा शब्द माझ्या हातून जाणार.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून शेवंताबाई येत होती. आता पार म्हातारी झालेली. भाऊंच्या समाजात बाया मोक्षधामात येत नाहीत. ही आली.

ती सरणापुढं उभी राहिली. हात जोडले.

"दिगांबर नथ्थूजी मोहोकार," ती म्हणाली.

सावकाश, पूर्ण नाव. बस. मग तिथंच खाली मातीत बसली.

माझी कॉलर सुटली. माजी मंत्रीही खाली बसले. त्यानंतर सरण जळून खाली बसेपर्यंत कोणी बोललं नाही. मी मात्र लहान पोरासारखा रडलो.

आज सकाळी शेवंताबाईकडं जाऊन आलो. तिनं नळाचं पाणी दिलं. गोड होतं. गिलास शेवटपर्यंत प्यायलो.

भाऊंनी हे वाचलं असतं तर म्हणाले असते, "लय लंबं लावलं बे तू."

खरं आहे, भाऊ. थांबतो. श्रद्धांजली म्हणून फक्त नाव घेतो.

दिगांबर नथ्थूजी मोहोकार.

येतो, भाऊ.