ताकाची पिशवी

गोजामावशी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती मला न विचारता. एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवणारी बाई, आवाज असा की चार माग चालू असतानाही ऐकू जावा. कामावरनं सुटली की ही शहरातल्या तरण्या कॅन्सर पेशंटांची घरं गाठते. आईनंच तिला बोलावलेलं. मला दोघींचाही राग आला.

राग का येऊ नये? सत्ताविसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन, आणि पोटावर चिकटवलेली पिशवी. शी त्यातच जमा. सोमवारी केमो सुरू व्हायची होती आणि मी जाणार नाही म्हणून हटून बसले होते. मरायची भीती नंतरची हो, आधी रस्त्यात पिशवी सुटली तर?

डॉक्टरांनी सध्या दाणे बंद सांगितलेले, आणि भेटायला येणारा प्रत्येक सोलापूरकर शेंगाचटणीच घेऊन येणार! मावशीनं कपाटावरचे डबे पाहिले.

"आतड्याच्या पेशंटला चटणी? डोकी हायत का खोकी?" असं म्हणून तिनं सगळे डबे स्वतःच्या थैलीत कोंबले. मग माझ्याकडे वळली. "सोमवारी शेअर रिक्षानं जाऊ."

"पिशवी सुटली म्हणजे?"

तिनं पदर बाजूला केला. तिच्या पोटावर अगदी माझ्यासारखीच पिशवी, टम्म भरलेली.

"मावशी, तुलाही?"

"न्हाय गं बाय. ताक हाय त्यात. सकाळधरनं ही लावून मशिनीवर बसलीया. कुणाला कळलं का?"

बाई ठार वेडी होती. पण सोमवारी मी तिच्यासोबत निघाले. ताकाची पिशवी तिनं त्या दिवशीही लावलेली.

रिक्षात आम्ही माणसं नुसती कोंबलेली. एका खड्ड्यात रिक्षा दाणकन आदळली आणि मावशीची पिशवी सुटली. तिचं लुगडं भिजलं, शेजारच्या आजोबांचं धोतर भिजलं. आजोबा ओरडले.

"ताक हाय ओ, ताक! आंबट बी न्हाय!" मावशी त्यांच्यावरच खेकसली. रिक्षावाल्यानं फडकं दिलं, आजोबांनी धोतर पुसलं, आणि पुढच्या चौकात ते पावसापाण्याचं बोलू लागले. मी पोट धरून हसत होते. हाताखाली माझी पिशवी जागच्या जागी होती.

केमोची सुई लागल्यावर विचारलं, "माझी टिकली, तुझीच कशी सुटली गं?"

"कड मोकळी सोडलीती. सुटली तर काय हुतंय, ते तुला दिसाया पायजे हुतं."

"आणि या पिशव्या आणतेस कुठून?"

ओला पदर पिळता पिळता ती थांबली.

"बिरुदेवच्या उरल्यात. माजा ल्योक. चोविसाचा हुता. त्यो बी रस्त्यालाच भ्यायचा, केमोला गेलाच न्हाय. तवा मला ह्ये सुचलं न्हाय बघ, पोरी."