मडमेची पायपेटी

आमच्या जव्हारात पाद्रीसाहेबानं छोटंसं चर्च बांधलं होतं. रविवारी दुपारी त्याची मडम तिथे पायपेटी वाजवायची. ऐकायला कोणीही यावं, फुकट. फुकट म्हणे! आम्ही कारकुनांच्या घरची शहाणी माणसं बाकांवर बसून, काही कळत नसताना माना डोलवायचो. पाड्यांवरची माणसं मागे, जमिनीवर.

एका रविवारी, आमच्याकडे लाकडाची मोळी टाकणारी म्हातारी उठली. तिनं शेजारणींचे हात धरले आणि त्या सगळ्या पेटीभोवती फेर धरून नाचू लागल्या. त्यांच्यात वाद्य वाजलं की उठायचं. बसून राहणं म्हणजे वाजवणाऱ्याचा अपमान. मडमेनं पेटी धाडकन मिटली. साहेबानं बोट दाखवून सगळ्या पाडेकऱ्यांना दाराबाहेर काढलं. बाकांवर हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी अंगणात मोळी टाकून म्हातारीनं मला विचारलं, "पोरी, नाचाचा नव्हता, त वाजवला कशाला?"

मला मान वर करवेना. आदल्या दिवशी बाकावर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते, आणि दाराबाहेर जाताना तिनं ते वळून पाहिलं होतं.