दसऱ्याला बसवलेलं माप
दसऱ्याला कुंकवाचा वास आला की मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं आमचं गॅरेज आठवतं. लहानपणी आमचं घर आईच्या एका शिलाई मशीनवर चालायचं; ते बंद पडलं की चूलही पेटायची नाही, म्हणून दसऱ्याला त्याची पूजा कधी चुकली नाही. घराण्यातला पहिला पदवीधर मी, त्यातून इंजिनिअर, तरी बंदुकीची काडतुसं घरीच भरायचं यंत्र, नवी टरेट प्रेस, आणली तेव्हा ती आणि काडतुसात दारूची पावडर मोजून टाकणारं तिचं माप टेबलावर मांडून, हळदकुंकू, अक्षता वाहूनच कामाला हात घातला. माप प्रेसवर बसवलं. दांडा ओढला की दर खेपेला तेवढीच पावडर पडायला हवी. पण वजनकाट्यावर एकदा बरोबर, तर दुसऱ्यांदा कमी. स्क्रू फिरवून फिरवून बोटं सोलली, गॅरेजच्या गारठ्यातही घाम फुटला. मला शिकवायला आलेले शेजारचे म्हातारे टूलमेकर म्हणाले, “सलग दहा वेळा सारखी पडेपर्यंत तू भरलेली एकही गोळी मी झाडणार नाही.” दारातून बायको म्हणाली, “इंजिनिअरसाहेब, जेवायला येताय, की डिग्री आणून देऊ?” मी चिडून अख्खं माप सोडवलं, रिकामं केलं, उलटं धरून झटकलं, तेव्हा मापाच्या भोकात अडकलेला कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा टेबलावर पडला. माझ्याच अक्षतांतला. म्हाताऱ्यांनी तो चिमटीत धरला आणि विचारलं, “हा मॅन्युअलच्या कुठल्या पानावर आहे?” आता मी प्रेसला नुसतं कुंकू लावतो. त्या दिवशी मात्र माप पुसून पुन्हा बसवलं, आणि सलग दहा वेळा पावडर तंतोतंत सारखी पडली.