शनिवारी राहिलेला नमुना

दोस्ताच्या शब्दावर तुम्ही कधी अख्खी वस्ती रांगेत उभी केली आहे का? रुपरावनं केली होती. गिरणी बंद पडल्यापासून कापड विणायच्या लूमवरची माणसं घरी बसलेली. नोकऱ्या लावणाऱ्या हापिसात नवा कंप्युटर आला, तसा रुपराव दारोदार फिरला आणि हजारोंची नावं तिथं भरवली. कारण मशीनवर मधुकर बसत होता. गिरणीतलाच, संपात त्याच्या बाजूला लाठ्या खाल्लेला मधुकर.

त्यानंच समजावलं होतं, "यादी काढाले मशीन दरवेळी सारी नावं वाचत नाही गा. आधी काही नावं नमुन्याले उचलते, कोण्या कामाचे किती लोक, त्याचा अंदाज बांधून ठेवते. थोडे असले तर एकेक नाव हुडकते, लय असले तर सारी फाइल सरळ वाचून काढते. नवी नावं भरली का नमुना पुन्हा घ्या लागते."

"मंग घे नं."

"शनिवारी घेतो. अर्धा दिवस मशीन अडकून राहते."

सोमवारी बुटीबोरीच्या नव्या कारखान्याचा माणूस आला. त्याला लूमवाले हवे होते, यादी दुपारच्या आत. मधुकरनं बटणं दाबली. पडदा काळाच. चहा झाला, जेवणाची सुट्टी संपली, तरी काळाच.

"काहून गा, झोपली का मशीन?" रुपरावनं विचारलं.

"हुडकून राहिली." मधुकर मान वर करेना. "तिच्या अंदाजात लूमवाले दहा-वीसच आहेत. नमुना घेतला तवा नुसते टायपिस्ट अन् क्लार्कच भरले होते नं. म्हणून एकेक नाव काढत बसली. हजारो नावं अशी काढाले दिवस जाते, सारी फाइल सरळ वाचली असती तर कवाचंच झालं असतं."

"अन् शनिवारी काय केलं तू?"

"मॅच होती."

"तिकीट कोनं देलं?"

"साहेबानं पास देला. वर्ल्ड कप गा, आपल्या नागपुरात."

कारखान्याचा माणूस उठला. ठेकेदाराकडून माणसं घेतो म्हणाला आणि जीपमध्ये बसला. रुपराव फाटकापर्यंत मागं धावला. परत आला तेव्हा प्रिंटर खडखडत होता, वस्तीतली नावं एकाखाली एक निघत होती.

"चल माह्यासंगं. वस्तीत तूच सांग."

"मले ड्यूटी आहे."

"लाठ्या खाल्ल्या तवा नव्हती तुले ड्यूटी," रुपराव म्हणाला, आणि एकटाच वस्तीकडे निघाला.

तुमचीही नावं अशा एखाद्या मशीनमध्ये पडली असतील, तर उद्याच तिथं जा. शेवटचा नमुना कोणत्या तारखेला घेतला ते विचारा, आणि तारीख कानावर पडेपर्यंत हलू नका.