कमला अक्कांनी अडवलेली मशिन्स

काल सकाळी कमला अक्का गेल्या.

माझी आजवरची सगळ्यात मोठी चूक त्यांनी पकडली होती. तीच आज लिहितेय.

चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही पेशंटला श्वास देणारी मशिन्स बनवायचो. अक्का तिथल्या सगळ्यात सीनियर इंजिनिअर. तंजावरच्या मराठी घरातल्या. मराठी जुन्या वळणाचं, मधूनच तमिळ, वाक्याच्या शेवटी लाडाचं ‘मा’.

मी कोल्हापूरची. चेन्नईतल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "जेवलीस का मा?" आणि मी कँटीनमध्येच डोळे पुसले.

तर ती चूक.

नळीतल्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्या सर्किटमध्ये एक छोटी चिप असते, ऑप अँप. सेन्सरचा सिग्नल घेऊन पुढे देते. नेहमीची चिप बाजारात मिळेना, म्हणून मी तिच्या जागी बसेल अशी दुसरी निवडली.

टेबलावर तपासली. झकास चालली.

मशिन्स तयार झाली, खोक्यांत भरली. फक्त अक्कांची सही राहिली होती. त्यांनी माझा टेस्ट रिपोर्ट वाचला.

"सप्लाय किती दिलास?"

"प्लस पाच, मायनस पाच."

"मशिनमध्ये एकच बॅटरी आहे मा. मायनस कुठून आणणार?"



ऑप अँपच्या इनपुटला मर्यादा असते. माझ्या चिपला खालच्या सप्लायच्या लगतचे दीडेक व्होल्ट वाचताच येत नव्हते. टेबलावर खालचा सप्लाय मायनस पाच होता, म्हणून शून्य तिच्या टप्प्यात होतं. मशिनमध्ये खालचा सप्लाय म्हणजेच शून्य. नेहमीच्या प्रेशरला आकडे बरोबर यायचे, म्हणून कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आणि प्रेशर शून्यावर कधी येतं?

पेशंटची नळी निसटते तेव्हा. नेमका तेव्हाच मशिनचा अलार्म वाजायला हवा.

मॅनेजर म्हणाला, "अक्का, हॉस्पिटलवाले वाट बघताहेत. ट्रक खाली उभा आहे."

अक्का वाद घालत बसल्या नाहीत. एक खोकं फोडलं, मशिन चालू केलं, फुफ्फुसाच्या जागी टेस्टिंगची रबरी पिशवी लावली. पिशवी फुगायला लागली.

मग त्यांनी नळी ओढून काढली.

स्क्रीनवरचा आकडा थोडा उतरला आणि तिथंच थांबला. अलार्म वाजला नाही.



"ट्रक परत पाठव," अक्का म्हणाल्या.

मॅनेजरने फोन काढला.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. त्यांनी तो वाचलाही नाही.

"सरी, ठीक आहे. आधी सगळे बोर्ड दुरुस्त कर. मग जा."

शून्यापर्यंत वाचणारी चिप मिळवली. प्रत्येक बोर्ड मी स्वतः बदलला, प्रत्येक मशिनची नळी काढून अलार्म ऐकला. अक्का शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. वाजला की सही.

रिपोर्टमध्ये चूक कुणाची, या रकान्यात माझं नाव येणार हे मी धरूनच चालले होते. त्यांनी लिहिलं, "चिप बदलायला मंजुरी मी दिली." खाली स्वतःचं नाव.

राजीनाम्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. त्या रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्या जागी मला बसवलं.

आज अण्णा नगरला त्यांच्या घरी गेले होते. त्यांचे यजमान, काका, म्हणाले, "ही ऑफिसात काय करायची, आम्हाला कधी सांगितलंच नाही."

मी सगळं सांगितलं.  मग काकांनी आतून नातीला हाक मारली, शेजारी बसवलं.

"पुन्हा एकदा सांग मा. हिला मराठी फारसं येत नाही, तमिळमध्ये सांग."

माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी तिला तिच्या आजीबद्दल पहिल्यापासून सांगितलं. ती मधे मधे माझं तमिळ सुधारत होती.

अक्का, तुमच्या हाताखाली शिकले, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगेन.

शेवटचा नमस्कार.